बँडची चौथी गायिका

आमच्या वरच्या मजल्यावर एक ब्रिटिश बँड राहायचा. म्हणजे आम्ही आखातात, अल बर्शात राहायला आलो तेव्हा अख्खा होता. मंदी आली तसा एकेक जण विमानात बसला. हे लोक ट्रिप-हॉप वाजवायचे. ठेका इतका संथ की ड्रमरला ताप आलाय असं वाटावं, आणि वर एक बाई कुजबुजणार. हॉटेलच्या लाउंजमध्ये लोक हे ऐकायला नटूनथटून जायचे.

पहिली गायिका लग्न करून गेली. दुसरी ड्रमरशी भांडून गेली. तिसरीचं त्याच ड्रमरशी जमलं, ती त्याला घेऊनच गेली. मग हॉटेलनं करार खलास केला आणि उरला कीबोर्डवाला. तरी तो स्वतःला 'आम्ही' म्हणायचा.

एका सकाळी तो दारात उभा. माझा रियाज बाथरूमच्या झरोक्यातून वर जातो हे मला ठाऊक होतं, म्हणून मी आधीच सॉरी म्हणून टाकलं.

"नो, नो," तो म्हणाला. "आम्हाला गायिका हवी आहे."

पुण्यात मी लहानपणापासून गाणं शिकले होते. इथे व्हिसावर माझा हुद्दा 'हाउसवाइफ', आणि काम करायची परवानगी नाही, हेही तिथेच छापलेलं. लग्नानंतर पहिल्यांदाच कुणी मला गायिका म्हणत होतं. मला इतका आनंद झाला की दूध उतू गेलं.

"कर की," नवरा म्हणाला. "फक्त व्हिसाची भानगड नको. ऑफिसात रोज एकेक टेबल रिकामं होतंय. हौस म्हणून गाते म्हण, पेमेंट घेऊ नकोस." अशी माझी कलासाधना एकदम निर्मळ झाली.

महिनाभर यमन घोटला. वरच्या फ्लॅटमध्ये मेट्रोच्या कामाची धडधड यायची, म्हणून रेकॉर्डिंग आमच्या बेडरूममध्ये ठरलं. आता घरी आलेला माणूस उपाशी कसा पाठवायचा? मी कुकर लावूनच गायला बसले. आलाप रंगात आला आणि मी मध्येच ओरडले, "अगं, तीन शिट्ट्या झाल्या, गॅस बंद कर!"

"ओके, आई!" लेक स्वयंपाकघरातून म्हणाली. मी माफी मागून पुन्हा पहिल्यापासून गायले. तो "ब्यूटिफुल" म्हणाला आणि वरणभात दोनदा घेतला.

पुढे पहिली गायिका परतली. मंदीत तिच्या नवऱ्याची नोकरी गेली होती आणि मागोमाग संसारही. मूळ बँड पुन्हा एकत्र येतोय, असं सांगायला कीबोर्डवाला आला. "तुम्ही आमची फॅमिलीच आहात," तो म्हणाला. घरच्यांना कुणी स्टेजवर बोलावत नाही, हे मला कळायला हवं होतं. "पण तुमचा आवाज रेकॉर्डवर आहे हं!" तेवढ्या एका वाक्यावर मी दोन वर्षं काढली.

मग एकदा मॉलमध्ये, अत्तराच्या दुकानात, तो संथ ठेका ऐकू आला. या मंडळींची रीत अशी, की कुठल्याही आवाजाचा तुकडा कापायचा, त्याला आणखी संथ करायचा आणि गाणंभर फिरवत ठेवायचा. पहिली गायिका कुजबुजत होती, आणि तिच्यामागे खोल विहिरीतून आल्यासारखी मी: "गॅस बंद कर... गॅस बंद कर..."

"सो स्पिरिच्युअल, मॅडम," विक्रेती म्हणाली.

"ओके, आई!" पलीकडून लेक सवयीनं म्हणाली, आणि चमकून माझ्याकडे बघत राहिली.

मला हसू यायला हवं होतं. रडू आलं. तरी यमन येईल म्हणून हातात बाटली धरून मी गाणं संपेपर्यंत तिथेच उभी राहिले. तो आला नाही. कुकरची शिट्टी मात्र त्यांनी ठेवली होती.