मिस्त्रीच्या आईची सुपारी

पौडचा तो मिस्त्री गंजाला शिव्या घालत काम करायचा. माझ्या महायुद्धाच्या काळातल्या जुन्या जीपच्या स्टिअरिंगचा सांधा न् सांधा त्यानं खोलून घासला, ग्रीस भरलं, वर गंजरोधक लाल रंग चढवला. पण काम पास करायची त्याची रीत भलतीच!

"आये, अडकित्ता घे. बस म्हागं!"

स्टिअरिंगनं जरा हिसका दिला, तर म्हातारीचं बोट जाणार. पिरंगुटच्या घाटात मिस्त्री जीप भरधाव सोडतोय, मागं सुपारी कातरल्याचा कटकट आवाज, आणि माझा जीव वरखाली!

घाट संपल्यावर म्हातारीनं बारीक कातरलेली सुपारी माझ्या हातावर ठेवली. "खा. गाडी लई झ्याक हाय."

मी आनंदानं ओरडलोच. मिस्त्री मात्र गुपचूप तिची बोटं बघत होता.