मामांचं विमान आणि वीतभर शिवण

देवाने चुकून ही पृथ्वी आमच्या मामेसासऱ्यांच्या अंगणात ठेवली असती, तर त्यांनी ती संध्याकाळपर्यंत खोलून पोत्यावर मांडली असती. पुन्हा जोडताना दोन नट उरले असते हे खरं. पण मग ती पहिल्यापेक्षा कमी आवाज करत फिरली असती. बदनापूरच्या आसपासच्या विहिरींवरल्या मोटारी दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. सत्तरीला आलेली माणसं तीर्थाला जातात किंवा गुडघ्यांबद्दल बोलतात. मामा नवीन जालन्याच्या भंगारात पाइप बघायला गेले आणि भट्टीच्या वाटेवर असलेलं एक विमान ट्रॉलीत घालून घेऊन आले. दोन सीटचं, जाड टायरांचं, धावपट्टी नसली तरी माळावर उतरणारं. पंखांवर कापड असायचं, ते केव्हाच फाटून गेलेलं. नुसत्या फासळ्या उरल्या होत्या. "मामा, हे कशासाठी?" मी विचारलं. "जावईबापू, चाळीस वर्षं विहिरीत खाली उतरून राह्यलो. एकदा वर जाऊन बघतो. बस."

त्या दिवसापासून मामांना जगात वजनाशिवाय दुसरं काही दिसेना. सराफाकडून आणलेल्या तराजूवर ते एकेक वायसर तोलत. स्वतः त्यांनी दुसरी भाकरी सोडली. लग्नाच्या पंगतीत पानाकडे न बघता ते समोरच्या जेवणाऱ्यांकडे बघत आणि माझ्या कानात पुटपुटत, "हा पंचाऐंशी. ह्याला न्हाई घेता येणार." तालुक्याचे एक पुढारी फोटोसाठी आले, गावाचं नाव आभाळात नेण्याबद्दल पंधरा मिनिटं बोलले आणि हारासकट सीटवर चढू लागले. मामांनी नम्रपणे हात जोडले. "साहेब, हार काढून बसा. त्याचं वजन धरलेलं न्हाई." साहेबांनी हार गळ्यातच ठेवला आणि सीट सोडली.

पंखांचं कापड शिवलं मामींनी. गावातली निम्मी बाळं त्यांनी शिवलेल्या गोधड्यांत वाढलेली. मामांनी पुस्तकात बघून टाका दाखवला, तर म्हणाल्या, "इतका ढिला टाका आमच्यात नवी सून घालती." चार महिने त्या शिवत होत्या आणि उडण्याबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. मला ती संमती वाटली. बायकांच्या गप्प बसण्याला पुरुष नेहमी संमतीच म्हणतात. परवानगीचे कागद दिल्लीला गेले. ते येणार नाहीत असं मी छातीठोकपणे सांगितलं, आणि ते आले. चाचणीला शहरातला एक निवृत्त पायलट यायचा होता. मागच्या सीटवर मामा.

आदल्या दिवशी मामांनी, मोटारीला लावतात तसा, पंखाला कान लावून टिचकी मारली. आत काहीतरी खुटखुटलं. त्यांनी वीतभर शिवण उसवली, दोन बोटं आत घातली आणि वाळून पत्रा झालेला भाकरीचा तुकडा बाहेर काढला. गोधडी पुरी करताना आमच्याकडे शेवटच्या टाक्याआधी आत घास ठेवतात; ती उपाशी राहू नये म्हणून.

"अगं, हे वायरीत अडकलं तर खेळ खतम."

"राहू द्या आतच."

"बिलकुल न्हाई. विमानाला कशाला पाह्यजे जेवण?"

"उपाशी ठिवलं तर ते मानूस गिळंल," मामी म्हणाल्या. "आन् त्यात बसनारं मानूस माझं हाये."

मामा तुकडा हातात घेऊन उभे राहिले. मग त्यांनी पायलटला फोन लावला. "आताच येऊ नका. जरा काम बाकी हाये."

ते अजून बाकी आहे. इंजिनापासून शेपटीपर्यंत सगळं स्वतः जोडणाऱ्या माणसाला वीतभर शिवण म्हणजे दहा मिनिटांचं काम. पण ती मामींनीच घालायची, असं त्यांनी ठरवून टाकलंय. आणि ती घातली की मामा वर जाणार, हे दोघांनाही ठाऊक आहे. सुईदोरा पंखावर तसाच पडून असतो. आम्ही गेलो की चहा पिता पिता मामा सहज विचारतात, "कधी शिवून देती मंग?"

"डोळ्याला दिसंना आता," मामी म्हणतात, आणि सुपातल्या ज्वारीतून बारीकसा खडा अचूक टिपून बाजूला टाकतात.

मामा ते बघतात. उठतात, आणि विमानाच्या चाकांत हवा भरून येतात.