एक घोट पाण्याएवढा वेळ

निलोफरने प्रश्न विचारला आणि लगेच स्वतःच त्याचं उत्तर दिलं. दुसरा विचारला, त्याचंही दिलं. तिसऱ्याला मी पेन खाली ठेवलं. समोर बसलेल्यांना माना डोलावण्यापलीकडे कामच उरलं नव्हतं.

हा सराव पाठ होता. अमरावतीला आमच्या विद्यापीठात पीएचडी करणारी मुलं पहिल्या वर्षाचे वर्गही घेतात. विषय त्यांना येतो. तो शिकवायचा कसा, हे कुणी सांगितलेलं नसतं. कालपर्यंत बाकावर बसलेलं पोरगं आज खडू घेऊन उभं राहतं. म्हणून मी निवृत्त झाल्यावर यांना तयार करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. एकाने छोटा पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी विद्यार्थी व्हायचं, मी मागे बसून बघायचं आणि नंतर फीडबॅक द्यायचा. फीडबॅक म्हणजे न दुखावता दुखणं सांगणं. मला ते अजूनही नीट जमत नाही.

निलोफर अकोल्याची, वनस्पतिशास्त्राची. वडिलांचं शिलाईचं दुकान. घरी उर्दू, बाहेर वऱ्हाडी, वर्गात पुस्तकी मराठी. अभ्यासात हुशार. पण वर्गात बोलायला लागली की तास संपेपर्यंत दम घ्यायची नाही. तिचा वर्ग वर्षभर मुका बसून होता. शेवटी तक्रार गेली, की मॅडम काय शिकवतात ते कळत नाही.

विभागप्रमुख इंगोले सर माणूस वाईट नाही, पण तक्रारीची त्यांना भारी धास्ती. वर्ग दुसऱ्याला देतो, निलोफरला प्रयोगशाळेत स्लाइड लावायला बसवतो, असं त्यांनी मला सांगून टाकलं. मी म्हटलं, आधी एकदा स्वतः वर्गात बसून बघा. हो-ना करत ते तयार झाले. तो तास झाल्यावर निर्णय.

मी हे निलोफरला सांगितलं.

"सर, शिकवता येत नाई असं एकदा ठरलं, तर पुन्हा वर्गात उभं राहाची हिंमत नाई होनार मले."

"मंग एवढी घाई काहून करतं तू?" मी विचारलं. मी मूळचा दर्यापूरचा. अशा वेळी पुस्तकी मराठी माझ्याही कामाची नसते.

तिने सांगितलं. पहिल्याच तासाला ती मध्येच अडकली होती. काही केल्या पुढचं आठवेना. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्या वर्गाने.

"तवापासून वर्ग चूप झाला की मले वाटते, आता टाळ्या वाजतीन," ती म्हणाली.

मला तिच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. त्याऐवजी मी तिला एक तोडगा दिला.

आमच्या धंद्यात 'वेट टाइम' म्हणतात. प्रश्न विचारल्यावर शिक्षकाने गप्प राहायचा वेळ. सांगायला सोपं, पाळायला महाकठीण. शिक्षकाला वाटतं युग लोटलं, आणि मुलाला तेव्हा कुठे प्रश्न समजलेला असतो. मी निलोफरला म्हटलं, पाण्याची बाटली जवळ ठेव. प्रश्न विचारला की झाकण उघड, एक घोट पी, झाकण लाव. तोंडात पाणी असलं की बोलता येत नाही.

तिला हे पटलं. रोज रिकाम्या वर्गात तिने सराव केला. मी एकटा विद्यार्थी, तोही ढ. ती विचारायची, प्यायची, माझ्याकडे बघायची. हळूहळू तिचे खांदे खाली आले. एकदा तर मी उत्तर देईना म्हणून तीच हसली. मला फार बरं वाटलं.

इंगोले सरांना मग सवड होईना. आज मीटिंग, उद्या मुंबईहून तपासणीला येणारी माणसं. मध्ये चार दिवस सुटी आली, तेव्हा निलोफर अकोल्याला जाऊन आली. ज्या दिवशी सरांना सवड झाली, तो दिवस रमजानात आला. संध्याकाळी बाजारात खजुरांच्या गाड्या मी रोज बघत होतो, पण त्याचा या बाटलीशी काही संबंध आहे हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

सर आणि मी मागच्या बाकावर बसलो. टेबलावर बाटली होती. निलोफरच्या हाताला ती जवळ असायची सवय झाली होती. तिने हजेरी घेतली, फळ्यावर वेल काढला आणि विचारलं, "भोपळ्याच्या वेलाची पानं दुपारी मान टाकतात आणि संध्याकाळी पुन्हा ताठ होतात. असं का होतं?"

वर्ग गप्प. तिचा हात बाटलीकडे गेला. झाकण उघडलं. बाटली ओठांपाशी आली.

"मॅडम," तिसऱ्या बाकावरून हळू आवाज आला, "तुमचा रोजा हाय ना?"

वैष्णवी नावाची मोर्शीची मुलगी. निलोफरच्याच होस्टेलवर राहायची. त्या वर्गात ती बोललेली कुणी ऐकली नव्हती.

निलोफरचा हात थांबला. तोडगा माझा होता. आता टाळ्या वाजणार, असं मलाही वाटून गेलं. इंगोले सर माझ्याकडे बघत होते, मी फळ्याकडे.

निलोफरने बाटलीकडे बघितलं, झाकण लावलं आणि स्वतःच हसायला लागली. "हो गं. माह्या ध्यानातच नाई राहिलं." मग वर्ग हसला, तिच्यासोबत. ते ऐकून मी मोकळा श्वास घेतला.

पुढचं मी तिला शिकवलेलं नव्हतं. तिने बाटली नेऊन वैष्णवीच्या बाकावर ठेवली. "राहू दे तुह्यापाशी. माह्यं एवढं ध्यान ठेवतं, तर आता वेलाचंही सांग."

आणि ती थांबली. हातात काही नव्हतं. वर्ग शांत होता आणि ती त्या शांततेत नुसती उभी होती.

"दुपारी जमिनीतलं पाणी कमी होत असन," वैष्णवी म्हणाली.

चुकलं होतं. निलोफरने चूक म्हटलं नाही. "मंग संध्याकाळी त्याले पाणी कोन देते?" असं विचारून ती पुन्हा थांबली.

आता दोघंतिघं एकदम बोलायला लागले. जमिनीत पाणी असतंच. उन्हात पानांतून जास्त उडतं, तेवढं मुळांना पुरवता येत नाही. ऊन उतरलं की मुळं मागची कसर भरून काढतात. उत्तर वर्गानेच जुळवलं. निलोफरने ते फळ्यावर लिहिलं.

बाहेर आल्यावर इंगोले सर म्हणाले, "ते रोज्याचं तुम्ही मुद्दाम ठरवलं होतं काय?" मी म्हटलं, एवढा हुशार मी असतो तर विभागप्रमुख झालो असतो. ते हसले. वर्ग निलोफरकडेच राहिला.

आता नव्या मुलांचे सराव पाठ घेताना ती माझ्या शेजारी बसते. बाटलीचा तोडगा तीच शिकवते, फक्त बाटली रिकामी आणायला सांगते. मी मात्र त्यांना वेगळंच सांगतो. वर्षभर प्रश्न विचारूनही तो वर्ग बोलला नव्हता. बोलला तेव्हा त्याने आधी मॅडमची काळजी केली, उत्तर मागून आलं.