सरकवलेलं पातेलं

माझ्या बायकोचा हात सुधारत नव्हता आणि त्याला कारण मी होतो. हे इतकं सरळ लिहायला मला बराच काळ लागला.

तिला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. पाय सावरला, बोलणं सावरलं. उजवा हात मात्र न्यायचा तिथे न जाता बाजूला जाऊन पडे. नंदुरबारच्या पथारीवर, म्हणजे जिथे लाल मिरची वाळत घालतात त्या मोकळ्या मैदानावर, ती वर्षानुवर्षं देठ खुडायला जायची. दिवाळीनंतर पथारी सुरू झाली की मैत्रिणींच्या रांगेत पुन्हा जाऊन बसायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई तिच्या डोळ्यांवर व्हीआरचा जाडजूड चष्मा चढवत. त्यात तिला टेबल, लिंबं, ती टाकायची टोपली आणि स्वतःच्या हाताचं चित्र दिसे. तेच बाजूच्या पडद्यावर मला दिसे. घरचा व्यायाम सोपा होता: सुपातली मिरची उचलायची आणि हातभर लांब ठेवलेल्या पातेल्यात टाकायची.

पहिल्या दिवशी निम्म्या मिरच्या फरशीवर पडल्या. तिचं तोंड उतरलं. दुसऱ्या दिवसापासून मी समोर बसून तिचा हात वळेल तिकडे पातेलं बोटाने हळूच सरकवू लागलो. मिरची निसटेल या धास्तीने तिची नजर चिमटीवरून हलत नसे. पातेल्यात मिरची पडली की ती हसे. त्या हसण्यासाठी मी रोज सरकवत गेलो.

चष्म्यातली टोपली मात्र मला सरकवता येत नव्हती. लिंबामागून लिंबू बाहेर पडू लागलं.

"चष्मा बिघडेल शे," चष्म्यालाच दोष देत ती म्हणाली. "घरमा तं एकबी मिरची बाहेर पडत नही."

डॉक्टरबाई थबकल्या. "एकही नाही? मग हात शिकणार कसा, काकू?" त्यांनी समजावलं, चष्म्यात हाताचं चित्र त्या मुद्दामच जरा डावीकडे दाखवतात. म्हणजे नेम चुकतो आणि चूक डोळ्यांना दिसते. हात कुठे जायला हवा होता आणि कुठे गेला, हा फरक मेंदू टिपतो आणि पुढच्या खेपेला तेवढं वळण बदलतो. "चूक दिसलीच नाही, तर मेंदूला वाटतं, सगळं बरोबर चाललंय."

रिक्षात ती म्हणाली, "यंदा पथारी काई मन्हा नशिबमा दिखत नही."

घरी तिने सवयीने सूप पुढे ओढलं, तेव्हा मला राहवलं नाही.

"पातेलं मी सरकाडत व्हतू."

ती माझ्याकडे वळली. "रोज?"

"रोज."

"तुम्हले मन्ही लाज वाटनी का?"

"नही वं. तुन्हं तोंड उतरस, ते माले सहन व्हत नही."

"मंग डोळा मिटी लेवाना व्हतात. पातेलाले कसाले नाचाडं?"

तिने पातेलं माझ्या हाताला लागणार नाही असं भिंतीशी ढकललं. पहिली मिरची फरशीवर पडली. दुसरीही. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. त्यानंतरची पातेल्याच्या काठावर आपटून बाहेर गेली. ती कुठे पडली ते तिने नीट पाहिलं, आणि पुढची उचलण्याआधी माझ्याकडे पाहिलं.

"माले माफ कर," मी म्हणालो. "तुले मी शिकूच दिधं नही."