बसकाकांचा दाखला

शाळेची बस चालवणाऱ्याला मुलं बसकाका म्हणत, आणि ऐकून ऐकून शिक्षकही तेच म्हणू लागले होते. माणूस अबोल, पण गाडी अशी चालवायचा की मागच्या सीटवर पेंगणारं पोर वळणावरही जागं होत नसे.

त्या वर्षी शाळेने नियम काढला. मुलांशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला आणायचा. माळ्याचा आला, शिपायाचा आला. बसकाकांचा काही येईना. उलट पोलीस ठाण्यातून निरोप आला, समक्ष येऊन भेटा.

कशासाठी, ते बसकाकांना लगेच उमगलं. विशीत ते एका भंगारवाल्याचा टेम्पो चालवत. त्यात चोरीची तांब्याची तार सापडली. मला काही ठाऊक नव्हतं, असं ते कोर्टात म्हणाले होते. पण मालावर घाईघाईने ताडपत्री ओढली जात असताना मनात पाल चुकचुकली होती, हे त्यांचं त्यांना माहीत होतं. सहा महिने आत काढले. मग गाव बदललं, लग्न झालं, मुलगी कॉलेजात गेली. ही गोष्ट जाणणारी माणसं दोनच, बायको आणि तिचा धाकटा भाऊ.

आणि हाच मेहुणा मध्यंतरी जेवता जेवता म्हणाला होता, "दाजी, तुमच्या शाळेत ड्रायव्हरची जागा निघेल का हो? गॅरेजात आता काही राम राहिला नाही."

जागा निघत नसली तर काढता येते, बसकाकांच्या मनात आलं.

"तुझ्या भावानेच काडी लावली," ते बायकोला म्हणाले.

"उगाच त्याच्या डोक्यावर खापर फोडू नका."

"मग हे जुनं मढं उकरलं कुणी?"

ती भांडी घासायला उठली. पण त्या आठवड्यात तिनेही भावाला फोन केला नाही, हे त्यांनी बरोब्बर टिपलं. म्हणजे संशय हिलाही आहे तर! मेहुणा दारात आला तेव्हा बसकाका झोपेचं सोंग घेऊन पडून राहिले. शाळेच्या फाटकाशी दोन आया बोलता बोलता थांबल्या, तरी त्यांना वाटे, झालं, इथवर पोचलं.

ठाण्यात हवालदाराने कंप्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. कोवळ्या मिशांचा, घाबरलेला एक पोरगा समोर बघत होता.

"हे तुम्हीच ना?"

"मीच. साहेब, तक्रार केली कुणी?"

"तक्रार कसली? जुनी दप्तरं कंप्युटरवर चढवली. तुमचं नाव घातलं, हे निघालं."

"पण शिक्षा भोगलीये मी. आणखी किती वर्षं राहणार हे?"

"दुसरी नोकरी असती तर इतकं जुनं आम्ही दाखल्यावर घेत नाही. लहान मुलांचं काम असलं की सगळं लिहावं लागतं. आणि आमच्याकडचं म्हणाल, तर ते कायमचं."

मुख्याध्यापिकेने दाखला दोनदा वाचला. "आधी का नाही सांगितलंत?"

"बाई, सांगितलं असतं तर ठेवलं असतं का?"

बाईंनी दाखला फाइलीत ठेवला. शाळेच्या समितीचा निर्णय होईपर्यंत बस दुसऱ्याने चालवली. घरी बसलेल्या बसकाकांनी मुलीला सगळं स्वतःच सांगितलं, दुसऱ्याच्या तोंडून कळण्याआधी. ती रडली, चिडली, दोन दिवस बोलली नाही. शेवटी एक मदतनीस बाई कायम सोबत ठेवण्याच्या अटीवर बस परत मिळाली. एका घराने मात्र आपलं मूल बसमधून काढून घेतलं.

मग ते गॅरेजात गेले. मेहुणा गाडीखालून सरपटत बाहेर आला.

"मी तुझ्यावर संशय घेतला," बसकाका म्हणाले.

मेहुण्याने बराच वेळ चिंध्यांनी हात पुसले. "खोटं नाही बोलत, दाजी. मनात आलं होतं माझ्या. शाळेच्या फाटकापर्यंत गेलोही होतो."

"मग?"

"ताईचं तोंड डोळ्यांसमोर आलं. फिरलो माघारी."

थोबाडीत द्यावी की मिठी मारावी, बसकाकांना कळेना. त्यांनी दोन्ही केलं नाही. म्हणाले, "रविवारी जेवायला ये."

तो आला, पुढेही येत राहिला. बसकाका त्याला आग्रह करकरून वाढत. पण बोलता बोलता शाळेचा विषय निघाला, की त्यांचे कान नकळत टवकारले जात.