शिंगणापूरच्या करवंट्या

“शनीच्या नारळाच्या करवंट्या हायेत त्या. मी न्हाई पिनार, बया!” आडावरची एक बाई दुसरीला म्हणाली आणि काकांनी पुढे केलेला पाण्याचा पेला त्यांच्या हातातच राहिला.

हे काका माझ्या वडिलांचे शाळासोबती. भोकांवर इतका विश्वास असलेला माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा नसेल. दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्करी भंगारातून त्यांनी विषारी वायूपासून वाचवणारा एक मुखवटा आणला, काकूंच्या अडकित्त्याने तो फोडला आणि आतला करवंटीच्या कोळशाचा काळा चुरा पाहून जेवायचं विसरले. तेव्हापासून घरातली करवंटी फेकायची सोय उरली नाही. रॉकेलच्या डब्यात करवंट्या भरायच्या, झाकण मातीने लिंपायचं, डबा गोवऱ्यांच्या आगीत भाजायचा, मग लाल निखाऱ्यांवर चहाच्या किटलीतली वाफ सोडायची, म्हणजे कोळशाला बारीक भोकं पडत. पाहुणे आले की काकू शांतपणे सांगत, “चहा मिळणार नाही. किटली कामावर गेलीय.”

मला ते समजावत, “बेबी, शिंगणापूरच्या घरांना दारं नाहीत ना? या कोळशाचंही तसंच. नुसती बारीक भोकं, कुणाला अडवत नाहीत. फक्त आत शिरलेला रंग बाहेर येत नाही.” मी मान हलवायची. इंग्रजी शाळेत शिकूनही चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे, आणि काकांना श्रोता तसाच लागे.

रंगाऱ्यांच्या सांडपाण्याने विणकरांच्या गल्लीतला आड लालसर झाला होता. बायका वेशीबाहेरून हंडे वाहत. काकांनी मला सोबत नेऊन आडाशेजारी रांजण मांडला, त्यात वाळू आणि कोळसा भरला, वरून लाल पाणी ओतलं. खालून नितळ पाणी आलं. बायका थक्क झाल्या. त्या आनंदाच्या भरात काकांनी करवंट्या कुठून आणल्या तेही सांगून टाकलं! शिंगणापूरच्या शनीला वाहिलेलं कुणी काही घरी आणत नाही, साडेसाती मागे लागते म्हणतात, हे त्यांना ठाऊक होतं. पण तिथे त्यांना करवंट्यांचा ढीग तेवढा दिसला होता.

“अगं, लाल होईस्तोवर भाजल्यात त्या!”

“शनीला कोन भाजनार, काका?”

हशा पिकला. काकाही हसले, पण पुढे धरलेला पेला खाली ठेवेनात. बायका रिकामे हंडे उचलून वेशीकडे वळल्या. त्यांतली एक दिवस भरत आलेली होती.

काका गेले त्याला आता वर्ष होईल. त्या गल्लीत घरोघरी नारळ फुटला की करवंटी अजून रांजणासाठी राखून ठेवतात. मला मात्र तो पुढे धरलेला पेला आठवतो, आणि सगळ्या बायका मागे वळून बघत असताना ऐकू आलेला माझाच अनोळखी आवाज:

“काका, तो पेला इकडे द्या. मला तहान लागलीय.”