बॉनेटवर माझी सही

चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर ऐकता ऐकता तुम्ही भलत्याच माणसावर संशय घ्याल. मी घेतला होता. एकावर नाही, तिघांवर.

चाळीस वर्षं मी दिग्रस-पुसद जीप चालवली. शाळा चौथीपर्यंत. पण इंजिन नुसतं खोकलं, तरी कुठे दुखतंय ते मला कळतं. स्टँडवरच्या पोरसवदा ड्रायव्हरांनी माझ्याकडून गिअर शिकले. आता वय झालं, जीप विकली, घरी बसलो.

घरी बसलेल्या माणसाच्या हातात काय उरतं, सांगा बरं? शेत धाकटा भाऊ पाहतो. टीव्हीचा रिमोट बायकोकडे. माझ्याकडे काहीच नव्हतं. मग मुलाने गाडी घेतली.

मुलगा प्रशांत यवतमाळजवळ लोहाऱ्याला कारखान्यात आहे. त्याने नवी डिझेल गाडी घेतली, टर्बोवाली, आणि ती दिग्रसला आमच्याकडेच ठेवली. कारण सून कविता इथून चार किलोमीटरवरच्या उपकेंद्रात नर्स आहे. सकाळी तिला सोडायचं, संध्याकाळी आणायचं. चावी माझ्या हातात देताना प्रशांत म्हणाला, "बाबा, गाडी तुमीच चालवा. पन काई बिघडवलं, त चावी कविताकडे जाईन. तिच्याजवळ लायसन हाय."

"मी बिघडवीन?"

"मी फक्त सांगून राह्यलो."

सांगून राह्यला म्हणे. चाळीस वर्षांच्या ड्रायव्हरला. मी चावी खिशात टाकली आणि त्याच दिवशी ठरवलं, ही चावी आता माझ्या खिशातून निघायची नाही.

तेव्हापासून माझा नेम सुरू झाला. सकाळी सात वाजता बॉनेट उघडायचं, इंजिनाचं तेल मोजायची पट्टी काढायची, फडक्याने पुसायची, परत घालायची, परत काढून पाहायची. मग गाडी सुरू करून अर्धा तास फाटकाशी उभी ठेवायची. थंड इंजिनावर गाडी काढणं म्हणजे झोपेतल्या माणसाला उठवून पळायला लावणं. आमच्या काळी हे लहान पोरालाही ठाऊक होतं.

कविताला ते पटत नव्हतं. "मामाजी, इतका वेळ उभी काहून ठेवता? अन् गाडीच्या पुस्तकात लिहलं हाय, आठवड्यातून एकदा तरी लांब घेऊन जा म्हनून."

"गाडी पुस्तकानं चालत नाई."

"बरं," ती म्हणाली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. ती रागावली की मागे बसते.

एक दिवस स्टिअरिंगपुढच्या मीटरच्या काचेमागे एक पिवळा दिवा लागला. कविता पुन्हा म्हणाली, "पुस्तकात पाहू का?" मी म्हटलं, "माझ्या जीपले दिवेच नोयते. तरी ते चालली." गाडी व्यवस्थित चालत होती, मग दिव्याला काय विचारायचं? घरी आल्यावर बायकोची एक मोठी टिकली घेतली आणि दिव्यावर चिकटवली. दिवा दिसेनासा झाला. माझ्या हिशेबाने बिघाड मिटला.

आणि मग ती गोष्ट सुरू झाली.

दीड-दोन महिने झाले असतील. पट्टी काढली तर तेल कमी झालेलं नव्हतं. माझी जीप तेल प्यायची, महिन्याला डबा लागायचा. ही तर थेंबही खात नव्हती. पुढच्या पंधरा दिवसांत तेल वरच्या खुणेला टेकलं. आणखी पंधरा दिवसांनी खुणेच्या वर.

आता तुम्हीच सांगा, चांगलं तेल कमी न होता वाढत असेल, तर माणसाने काय समजावं? मी समजलो की ही माझ्या हाताची करामत आहे. स्टँडवर चहाच्या टपरीवर जाऊन सांगितलं, "लोकांच्या गाड्या तेल खातात. माह्या हातात तेल वाढते."

तिथे बबन बसला होता. बबन माझ्याच वेळचा, अजून काळीपिवळी टॅक्सी चालवतो. माझ्यापेक्षा चांगला ड्रायव्हर आहे असा त्याचा समज आहे. तो म्हणाला, "मंग बाटल्या भरून बाजारात बसा ना भाऊ. कापसापेक्षा बरा भाव भेटीन."

सगळे हसले. मी म्हटलं, "चाल, दाखवतो." आणि त्याला घेऊन हनीफभाईच्या गॅरेजवर गेलो.

हनीफभाई म्हणजे माझ्या जीपचा जन्मभराचा डॉक्टर. त्याने पट्टी काढली, दोन बोटांत तेल चोळलं, नाकाशी नेलं. मग माझ्याकडे पाहिलं. "उस्ताद, ये तेल नही है अकेला. इसमें डिझेल है."

"डिझेल कायले राहीन तेलात?"

"वही बता रहा हूँ. सुनो तो..."

मी ऐकलं नाही. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. तेलात डिझेल आपोआप जातं का? कोणीतरी ओतल्याशिवाय? आणि त्याच वेळी बबन मिशीत हसत होता. मी बॉनेट आपटलं आणि निघालो. मागून हनीफभाई ओरडत होता, "अरे, पूरा तो सुनो." मला पुरं ऐकायची गरज नव्हती. चोर ओळखला होता.

घरी येऊन प्रशांतला फोन केला. "गाडीच्या इंजिनात कोनीतरी डिझेल टाकून राह्यलं."

"कोन टाकीन बाबा? अन् कायले?"

"जळतात लोकं."

तो म्हणाला, "बाबा, इंजिन गेलं त गाडीच जाईन. पाहा नीट."

या वाक्याने माझी झोप उडाली. गाडी गेली तर चावी कशाची?

मी बंदोबस्त केला. निवडणुकीत पेटीला कागद चिकटवून सही करतात, ते मी मतदानाच्या ड्युटीला जीप लावली तेव्हा पाहिलं होतं. कागदाच्या दोन पट्ट्या कापल्या. खळ लावून बॉनेटच्या फटीवर चिकटवल्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्हींवर माझी सही, अर्धी बॉनेटवर, अर्धी खालच्या पत्र्यावर येईल अशी. आता उघडा बॉनेट.

माझा सकाळचा नेमही बंद केला. आठ दिवस तेलाची पट्टी बघायची नाही. अर्धा तास गाडी गरम करणं मात्र सोडलं नाही. चोर असो की नसो, इंजिनाची काळजी घ्यायलाच हवी.

तशी सीलबंद गाडी घेऊन मी कविताला रोज सोडायला जाऊ लागलो. दुसऱ्याच दिवशी उपकेंद्राच्या ओट्यावरची एक म्हातारी गाडीकडे बघत म्हणाली, "सिस्टर, गाडी जप्त केली का वो सरकारनं?"

तिसऱ्या दिवशी गावातले दोघंजण तिला धीर द्यायला आले. चौथ्या दिवशी सरपंचाने तिला बाजूला घेऊन विचारलं, काही मदत पाहिजे का. संध्याकाळी ती मागच्या सीटवर बसली आणि म्हणाली, "मामाजी, हे कागद काढा. मले लोकायले उत्तर द्यायची लाज वाटून राह्यली."

"चार दिवस थांब. चोर सापडते."

नवव्या दिवशी कविताला सुटी होती. मी बबनला मुद्दाम बोलावलं. कविताला म्हटलं, तूही चल, साक्षीदार पाहिजे. सगळे हनीफभाईच्या गॅरेजवर जमलो. सगळ्यांना कागदाच्या पट्ट्या दाखवल्या. दोन्ही शाबूत, सह्या शाबूत. मग ब्लेडने कापून बॉनेट उघडलं. हनीफभाईने तेलाची पट्टी काढली.

तेल आणखी वाढलेलं होतं.

बबन म्हणाला, "मी आठ दिवस पुसदच्या फेऱ्यायवर होतो भाऊ. आता माह्यावर नका घेऊ."

मी संशयाने हनीफभाईकडे पाहिलं. त्याने दोन्ही हात वर केले. "मेरे पास तो गाडी आई ही नही."

मग राहिलं कोण? मी विचार केला. कागद फाटलेला नाही. म्हणजे चोराने जुना काढून नवा लावला, आणि त्यावर माझी सही केली. सही करायची म्हणजे लिहिता-वाचता येणारा माणूस. रोज गाडीजवळ असणारा. आणि ज्याला चावी पाहिजे असा. मी हळूहळू वळलो आणि कविताकडे पाहिलं.

"सही तू केली."

बबनसुद्धा हसायचा थांबला.

कविताने कापलेली पट्टी उचलली. दुसरी उचलली. दोन्ही शेजारी धरल्या. "मामाजी, हे दोन सह्या पाहा. एक तरी दुसरीसारखी हाय का? तुमची सही तुमालेच दोनदा सारखी येत नाई. मले कशी येईन?"

बबन पुन्हा हसायला लागला.

"अन् चावी मले पायजेच हाय," ती म्हणाली. तिने दोन्ही कागद माझ्या हातात दिले. "चोरून नाई. मी रोज लोकायच्या घरात सुई घेऊन शिरते, लोकं माह्यावर भरोसा करतात. घरात तुमी करत नाई."

मी त्या दोन सह्या पुन्हा पाहिल्या.

हनीफभाईने स्टूल पुढे सरकवलं. "बैठो उस्ताद. आज पूरा सुनके जाना." मग तो डॉक्टरसारखा विचारू लागला.

"गाडी रोज कितनी चलती?"

"चार जाऊन, चार येऊन. दोन वेळा."

"बीच में बंद करते?"

"पोचलो की बंद करतो. डिझेल फुकट कायले जाळू?"

"सुबह?"

"अर्धा तास उभी ठेवतो. गरम कराले." हे मी जरा छाती काढूनच सांगितलं.

हनीफभाईने कपाळाला हात लावला. "और कोई लाईट लगा क्या?"

कविता गाडीत शिरली, टिकली नखाने सोलली आणि बोटावर घेऊन बाहेर आली. मी चावी फिरवून दाखवली, तर पिवळा दिवा अजून लागतच होता. हनीफभाईने टिकलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग अगदी शांतपणे सांगितलं.

या नव्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये म्हणे एक जाळी असते. धुरातली काजळी त्यात अडकते. जाळी भरत आली की इंजिन स्वतःच जास्तीचं डिझेल सोडून ती काजळी जाळायला लागतं. त्याला मोकळ्या रस्त्यावर सलग वीस-पंचवीस मिनिटं पळवावं लागतं. दिवा त्यासाठीच लागतो. मधेच बंद केली, की ते जास्तीचं डिझेल न जळता इंजिनच्या आत गळतं आणि खाली तेलात उतरतं. उभ्या गाडीत इंजिन नीट गरम होत नाही, काजळी मात्र जमत राहते. दुसऱ्या दिवशी परत तेच. तेल वाढतं. वाढतं, पण पाण्यासारखं पातळ होतं.

"और टर्बो की फिरकी इसी तेल पे घूमती," तो म्हणाला. "मिनट में लाखभर चक्कर. पतला तेल मिला तो बेरिंग गया. महिनाभर और ऐसा चलाते ना, तो टर्बो हाथ में लेके आते मेरे पास."

"म्हनजे डिझेल कोनी टाकलं?" बबनने मुद्दाम विचारलं. त्याला सगळं कळलं होतं.

हनीफभाई म्हणाला, "जिसने टाका, वो रोज सवेरे सात बजे आता है. बॉनेट खोलता है. साईन भी अपनी ही करता है."

मी स्टुलावर बसून होतो. आठ दिवस ज्याला पकडायला जाळं लावलं, तो माझाच सदरा घालून फिरत होता.

हनीफभाईने सगळं तेल काढलं. काळं, पातळ, डिझेलच्या वासाचं. गाळणी बदलली, नवं तेल भरलं. म्हणाला, "अब इसको यवतमाल की तरफ भगाओ. लाईट बंद होने तक रुकना नही."

चावी माझ्या हातात होती. चावी कोणीच मागितली नाही. मागितली असती तर मी दिली नसती, इतकं मला माझं ठाऊक आहे. कविता गाडीपासून चार पावलांवर उभी होती आणि हनीफभाई हात पुसत होता.

मी चावी तिच्यापुढे धरली. "सहीचं बोललो, ते चुकलं. घे. प्रशांतनं सांगितलंच होतं."

ती घेईना. "तुमी कुठं बसान?"

"शेजारी. क्लच कसा सोडते ते पाहतो."

तिने चावी घेतली. क्लच चांगला सोडला. मला एकही खोट सापडली नाही, आणि मी शोधत होतो. दारव्ह्याच्या अलीकडेच पिवळा दिवा विझला.

तेवढ्यात प्रशांतचा फोन आला. बबनने त्याला आधीच सांगितलं असणार.

"बाबा, डिझेल टाकनारा सापडला म्हंते?"

"सापडला."

"कोन होता?"

"घरातलाच हाय."

"मंग त्याचं काय केलं?"

मी रस्त्याकडे बघत म्हटलं, "चावी काढून घेतली. अन् पट्टा बांधून शेजारच्या सीटवर बसवून ठेवला हाय."